खेचराच्या जागी बाथटब

अहो, ऐकलंत का? मिलानला लेकीकडे गेलेले आपले काका-काकू परवा परतले. जरा कुंपणाच्या अलीकडे या ना, ती समोरची कपडे वाळत घालतेय, तिला ऐकू जायला नको. म्हणजे तिला सगळं माहीतच असणार, पण माझ्याकडून कळलं असं नको व्हायला...

तर लेकीनं सांगितलं, बाबा, सरप्राइज आहे. काकांना वाटलं व्हेनिस. नव्या बुटांना पॉलिश काय केलं, कॅमेरा काय चार्ज केला! आणि नेलं कुठे? दक्षिण इटलीत, मातेराला! बारीपर्यंत विमान, तिथून ती छोट्या रुळांची गाडी. मोठी सरकारी रेल्वे वर्षानुवर्षं काही मातेराला पोचली नव्हती, ते तर तुम्हाला ठाऊकच आहे. काका गाडीतच म्हणाले म्हणे, ‘ही तर आपल्या नेरळ-माथेरानची बहीण दिसते.’ इथवर मूड चांगला होता हो.

हॉटेलशी पोचले आणि दारातच थबकले. खोली म्हणजे गुहा! अस्सल, डोंगरात कोरलेली. खिडकी नाही, दाराच्या वर एक झरोका तेवढा. काकांनी भिंतीला हात लावला तर बोटांना पिवळट भुकटी. काकू सांगत होत्या, ‘ह्यांचा चेहरा असा पडला, मला वाटलं बीपीची गोळी विसरले.’ आणि तोंडातून पहिलं वाक्य काय, तर ‘अगं, जन्मभर मी सरकारी क्वार्टर्सची ओल काढली, आणि तू मला पैसे मोजून ओलीत झोपवतेस?’

लेक बिचारी हिरमुसली. जावयानं सावरून घ्यायला म्हटलं, ‘बाबा, हे अजिंठ्यासारखंच समजा.’ झालं! काका उसळले. ‘अजिंठ्याला भिक्खू राहायचे, ध्यान करायला. बायकापोरं आणि डुकरं घेऊन नव्हे.’

डुकराचं तुम्हाला आश्चर्य वाटलं ना? अहो, खरंच होती! मातेराच्या त्या सास्सींमध्ये, म्हणजे एका अंगाला सास्सो कावेओसो, दुसऱ्या अंगाला सास्सो बारिसानो आणि मध्ये उंचावर चिवीता, एकेका गुहेत आईबाप, पोरंबाळं, म्हातारी, कोंबड्या, डुक्कर आणि आतल्या अंगाला खेचर. खेचर घरात कशाला, तर घरातली सगळ्यात महागाची चीज तेच. शेत मैलोगणती लांब, खेचर गेलं की पोट गेलं. शिवाय थंडीत त्याच्या अंगाची ऊब. पलंग म्हणाल तर हा एवढा उंच, खाली कोंबड्या. गादीत मक्याची सालपटं. तान्हं मूल पलंगाच्या वर टांगलेल्या पाळण्यात. आणि एका घराचं छप्पर म्हणजे वरच्या घराचा रस्ता. सून कुठे निघाली ते सासूला डोक्यावरच्या पावलांवरून कळत असेल बघा!

तर काय सांगत होते... हां, लाज. त्या गुहांची लाज वाटायला लागली ती त्या लेव्हीमुळे. कार्लो लेव्ही हो, तुरीनचा. शिकला डॉक्टरकी, करायचा चित्रकारी, आणि मुसोलिनीच्या विरोधात गेला म्हणून १९३५ साली त्याला तिकडे दक्षिणेत हद्दपार केलं. त्याची बहीण लुईझा, ती मात्र खरी डॉक्टर, भावाला भेटायला निघाली आणि वाटेत मातेराला उतरली. पाहते तर काय, पोरांच्या डोळ्यांना खुपऱ्या, पापण्यांवर माशा बसलेल्या आणि त्या हाकलायचं त्राण नाही. हिवतापानं पोटं नगाऱ्यासारखी फुगलेली. पोरं तिच्या मागे मागे. तिला वाटलं, पैसे मागतायत. तर ती क्विनीन मागत होती! माझ्या तर अंगावर काटा आला हो. लहान पोरानं गोळी-चॉकलेट मागावं की क्विनीन?

भावानं ते सगळं पुस्तकात घातलं. ‘ख्रिस्त एबोलीलाच थांबला’, १९४५ साली आलं. म्हणजे ख्रिस्तसुद्धा अलीकडच्या गावातच थांबला, इथवर पोचलाच नाही असं त्या लोकांचं गाऱ्हाणं. पुस्तक गाजलं आणि रोमला बसलेल्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. १९४८ ला कम्युनिस्टांचे तोल्यात्ती मातेराला येऊन गेले, आणि ही राष्ट्राची लाज आहे, हे तेव्हापासून सगळ्यांच्या तोंडी झालं. निवडणुकीचं वर्ष हो! मग पंतप्रधान दे गास्पेरी मागे कसे राहतील? १९५० ला तेही आले. आपल्याकडे नाही का, एका पुढाऱ्यानं झोपडीत जेवण केलं की दुसरा लगेच पंक्तीला येतो... असो, राजकारणात मी पडत नाही.

१९५२ ला कायदाच केला. गुहा रिकाम्या करा, माणसं नव्या घरांत हलवा. एका दिवसात नाही हं, पुढची पंधराएक वर्षं ते चाललं. पंधरा हजारांवर माणसं बाहेर काढली आणि मागून दारं विटांनी बंद केली, कुणी परत यायला नको म्हणून. बरीचशी घरं सरकारच्या नावावर झाली. हे लक्षात ठेवा, मी परत येते त्याच्यावर.

आणि मला सांगा, त्या बायकांचं काय झालं असेल? नवी घरं चांगली होती, नाही कोण म्हणतंय? नळ, संडास, उजेड. ला मार्तेल्ला नावाचं नवं गावच वसवलं, शहरापासून लांब, क्वारोनी नावाच्या मोठ्या आर्किटेक्टनं बेत आखला, घरालगत तबेला दिला, सगळं विचारपूर्वक. पण विचिनातो गेलं ना! विचिनातो म्हणजे चार-सहा गुहांची दारं ज्या अंगणात उघडतात ते अंगण. मधे पाण्याची टाकी, तिथेच धुणी, तिथेच वेणीफणी, तिथेच एकमेकींची पोरं सांभाळणं. आपल्या गिरगावातल्या चाळीचा चौक आठवा, की झालं. ऑगस्टच्या पहिल्या तारखेला तर प्रत्येक घरातून मूठमूठ कडधान्य आणायचं, गहू घालायचा, बटाटा घालायचा आणि एकाच मोठ्या हंड्यात शिजवायचं. क्रापियाता म्हणतात. अजूनही करतात बरं का, पण आता पर्यटकांसमोर.

आणि पाव! कणीक घरी मळायची, भाजायला सगळ्यांची एकच भट्टी. मग कुणाचा पाव कुठला कसं कळणार? तर घरटी लाकडी शिक्का, त्यावर घरधन्याच्या नावाची अक्षरं. तो कणकेवर उमटवायचा. मला वाटतं भांडणं तरीही झालीच असणार. ‘माझा एवढा फुगला होता, हा तुमचा चपटा.’ झाली नसतील तर त्या बायका बायका नव्हेत.

गंमत म्हणजे, ह्या अंगणातल्या गप्पांचा अभ्यास करायला माणसं आली होती! फ्रीडमन म्हणून एक, जन्मानं जर्मन, अमेरिकेत प्रोफेसर. त्यांच्याबरोबर समाजशास्त्रवाले, मानसशास्त्रवाले, वह्या घेऊन. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. कोण कुणाशी बोलतं, कोण कुणाला मीठ देतं, सगळं टिपून घेतलं असेल. माझ्याकडे कुणी वही घेऊन आलं नाही अजून. आलं असतं तर तीन वह्या भरल्या असत्या.

तर काय सांगत होते... हां, हॉटेल! अहो, मूळ गंमत तर तीच.

गुहा रिकाम्या झाल्या, कबुतरं आली, चोरटे आले. सिनेमावाले मात्र खूश. १९६४ चा पासोलिनीचा तो मॅथ्यूच्या शुभवर्तमानावरचा सिनेमा तिथेच घेतला. जेरुसलेम म्हणून मातेरा, आणि म्हातारी मेरी म्हणून स्वतःची आई उभी केली पठ्ठ्यानं. नंतर मेल गिब्सन आला ख्रिस्ताला घेऊन. आणि परवा परवा तो जेम्स बाँड, ‘नो टाइम टू डाय’वाला, गल्लीबोळांतून गाडी घुमवत. दगडांवरून चाकं घसरू नयेत म्हणून रस्त्यांवर कोका-कोला शिंपडला होता म्हणे! काकूंना हे जास्त लागलं. ‘पाण्यासाठी जिथे बायका टाकीत वाकायच्या तिथे कोका-कोला?’

आणि सरकारचं मन कधी बदललं, तर १९८६ ला. आणखी एक कायदा. पहिल्या कायद्यानं माणसं बाहेर, दुसऱ्या कायद्यानं आत! घरं भाडेपट्ट्यानं द्यायला लागले. तो लाउरेआनो आर्किटेक्ट, स्वतः गुहेत राहायला गेलेला, त्यानं युनेस्कोसाठी सगळी कागदपत्रं तयार केली आणि १९९३ ला यादीत नाव लागलं. २०१९ ला तर युरोपची सांस्कृतिक राजधानी! अहो, १८०६ साली ह्याच मातेराकडून प्रांताची राजधानी काढून पोटेन्झाला नेली होती. पोटेन्झावाल्यांचे चेहरे बघायला मी तिथे असायला हवी होते.

आता ह्या गुहांची हॉटेलं करणाऱ्यांतला तो किलग्रेन. दानिएले किलग्रेन. निम्मा स्वीडिश, घराण्याचा पैसा सिमेंटमधला. आणि पोराचं डोकं कुठे, तर सिमेंट जिथे लागलंच नाही अशा गावांत! १९९९ साली मोटारसायकलवर भटकता भटकता अब्रुत्सोतल्या डोंगरात सांतो स्तेफानो दी सेस्सानियो नावाचं ओसाड पडत चाललेलं गाव दिसलं. प्रेमात पडला. घरंच्या घरं विकत घेतली आणि गावभर विखुरलेलं हॉटेल केलं. रिसेप्शन एका घरात, खोली दुसऱ्या गल्लीत. मग २००९ ला मातेराला, चिवीतामध्ये. सेक्सतान्तियो ले ग्रोत्ते देल्ला चिवीता. अठरा खोल्या, अठराही गुहा.

काका-काकू तिथे नाही हं उतरले, त्यांचं दुसरं कुठलंसं होतं. ह्याचं एका रात्रीचं भाडं लेकीनं सांगितलं, शेकडो युरोंत, तर काकांनी ते मनात रुपयांत केलं आणि मग बराच वेळ बोललेच नाहीत. पण काकूंनी त्याची माहिती सगळी काढली. टीव्ही नाही. फ्रिज नाही. ते मुद्दाम नाही, बरं! मेणबत्त्या लावून ठेवतात. जुन्या वळणाच्या लांब लोखंडी किल्ल्या. फरशी तीच जुनी, पायांनी घासून गुळगुळीत झालेली, पण तिच्याखाली गरम करायची सोय लपवलेली. हातमागाच्या जुन्या चादरी. नाश्ता कुठे, तर गुहेतल्या जुन्या चर्चमध्ये. आता तिथे प्रार्थना होत नाही, पण तरी... देवाच्या समोर बसून केक खायचा? काकूंना ते पटलं नाही. मला विचाराल तर प्रसादाच्या नावाखाली आपण काय कमी खातो?

आणि खोलीच्या मधोमध, उघड्यावर, अंड्याच्या आकाराचा पांढराशुभ्र बाथटब! पडदा नाही, भिंत नाही. पूर्वी अशा गुहांत आतल्या अंगाला खेचर बांधायचे. आता माणूस डुंबतोय.

इथे काकांनी जो प्रश्न विचारला ना, तो मला फार आवडला. त्यांच्या हॉटेलातल्या काउंटरवरच्या मुलीला थेट विचारलं, ‘ह्या मोरीचं पाणी जातं कुठे?’ पोरगी खूश झाली. म्हणाली, गल्ल्यांच्या पोटातून बोगदे केलेत, पाणी, गटार, वीज, गॅस सगळं त्यातून. वर एक तार दिसणार नाही. काका गप्प. मग म्हणाले, ‘म्हणजे मोरी करता येत होती.’

बास, एवढंच. पण काकू म्हणतात तो चेहरा त्यांनी पूर्वी एकदाच पाहिला होता, कुठल्याशा धरणाच्या वेळी. सगळा प्रश्न मोरीचाच होता ना हो? मूळचे मातेरावाले काही खुळे नव्हते. पावसाचा थेंबन् थेंब साठवायचे, डोंगरात टाक्या कोरलेल्या. माणसं वाढली, राजधानी गेली, पैसा गेला, आणि मग टाक्या कोरड्या करून त्यांच्यातसुद्धा लोक राहायला लागले, तेव्हा घाण झाली. १९५२ ला सगळं आतून दुरुस्त करणं परवडलं नसेल, मान्य. रोगराईत पोरं मरत होती, हलवायलाच हवी होती, हेही मान्य. माझं म्हणणं एवढंच, की ज्यांची घरं सरकारनं घेतली आणि मग भाडेपट्ट्यानं भलत्यालाच दिली, त्यांच्या नातवंडांच्या वाट्याला काय आलं? त्या किलग्रेननं निदान भिंतीला प्लास्टर मारून पांढरा रंग फासला नाही, ही त्याची शहाणी गोष्ट. पण शहाणपण हे भाड्यातही दाखवता येतं.

आता ऐका हं पुढचं. खोली आवरायला एक बाई यायची. काकूंना राहवेना. लेकीला मध्ये घालून विचारलंच, तू इथलीच का? तर म्हणाली, माझी आजी ह्याच उतरणीवर वाढली. काकूंच्या डोळ्यांत पाणी! काकू म्हणाल्या, मग तुला वाईट वाटत असेल ना, लोक येऊन राहतात ते बघून? तर ती बाई हसायला लागली. म्हणाली, आजी जिवंत असती तर तुम्हालाच वेड्यात काढलं असतं. ती बाल्कनीवाल्या फ्लॅटमध्ये गेली ती परत ह्या उतरणीवर पाय ठेवायला तयार नव्हती. काकूंचा चेहरा एवढुसा झाला. डोळ्यांतलं पाणी आता टाकायचं कुठे, अशी पंचाईत.

काकांनी मात्र तिच्याकडून निराळीच बातमी काढली. चौकाखाली टाकी आहे म्हणाली. आता आपल्या काकांना टाकी म्हटलं की... लगेच बूट चढवले. पालोंबारो लुंगो तिचं नाव. गावाच्या मोठ्या चौकाच्या पोटात, पन्नास लाख लिटर पाणी मावेल एवढी. आणि अहो, १९९१ पर्यंत लोकांना तिचा विसर पडला होता! चौकात रोज बसून आइस्क्रीम खायचे, आणि खाली ही एवढी टाकी. आतल्या भिंतींना चुन्यात खापरांचा चुरा घालून केलेला गिलावा. काका तिथून हलेनात. गाइड इंग्रजीत सांगून थकली, हे भिंतीला नाक लावून उभे. बाहेर आल्यावर जावयाला म्हणाले, ‘आज मला तुझा अजिंठा समजला.’ जावयाला काही कळलं नाही, पण त्यानं मान हलवली. चांगला मुलगा आहे.

आणि आता काय झालंय? परत आल्यापासून काकांनी डोक्यात घेतलंय, आपल्या बिल्डिंगच्या गच्चीवरची टाकी गळते ना, तिला तोच गिलावा करायचा. चुना आणि खापरांचा चुरा! काल कॉन्ट्रॅक्टरला बोलावून तास घेतला त्याचा. तो म्हणतो, केमिकल वॉटरप्रूफिंग करू साहेब, दहा वर्षांची गॅरंटी. काका म्हणाले, ‘मी शतकांची गॅरंटी बघून आलोय.’ त्याचं तोंड बघायला हवं होतंत! सोसायटीच्या सेक्रेटरींनी मीटिंग लावलीय रविवारी. काकू कुंभारवाड्यात फुटक्या कुंड्यांचा भाव विचारून आल्यात, हे अजून सेक्रेटरींना माहीत नाही. तुम्ही सांगू नका हं. म्हणजे सांगायचंच झालं तर माझं नाव घेऊ नका...